म्बिराने आजार बरा होतो का? आधी कोणाला बोलावताय ते पाहा

प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. नाशिकजवळच्या गावांमध्ये तुम्ही महिला गटांसोबत काम करता. लॉकडाऊनमध्ये सतरा पट्ट्यांचा कलिंबा, म्हणजे अंगठ्यांनी पट्ट्या छेडून वाजवायचं छोटं वाद्य, मागवलात, त्यावर हात बसला. मग कुठेतरी वाचलंत की झिम्बाब्वेतले शोना लोक म्बिरा वाजवून आजार बरे करतात आणि तिथला स्वातंत्र्यलढाही याच वाद्याच्या साथीने झाला. आता गटातल्या बायकांसाठी 'म्बिरा हीलिंग'ची सत्रं घ्यावीत, त्यातूनच हक्कांचं बोलणं काढावं, असं मनात आहे. धुना कुठल्या घ्याव्यात आणि वाद्य 432 हर्ट्झला, म्हणजे ज्या लावणीला लोक 'हीलिंग'ची म्हणतात तिला, लावावं का, हे विचारलंय.

432चं आधी उरकते. शोना वाद्यात तसं काही नसतं. प्रत्येक कारागिराची लावणी वेगळी असते. दोन घरांतल्या म्बिरा एकत्र वाजवायला घेतल्या तर बरेचदा जमतच नाहीत.

मी आठ वर्षं हरारेत होते. नवऱ्याची नोकरी औषध कंपनीत, मी एका शाळेत संगीत शिकवायची. गुरू भेटले ते शाळेच्या माळ्याचे मामा. पहिली दोन वर्षं त्यांनी म्बिराला हात लावू दिला नाही, फक्त होशो, म्हणजे साथीचा खुळखुळा, हलवायला लावला. पुढे त्यांच्यामागून वीसेक बिरांमध्ये, म्हणजे पूर्वजांना बोलावण्याच्या जागरणांत, बसले, काहींत वाजवलंही. आता पुण्यात शिकवते. मी शोना नाही, माझ्या घरचे पूर्वज त्या सुरांना ओळखत नाहीत, आणि खाली लिहिलेलं सगळं एका पाहुणीनं पाहिलेलं आहे, हे धरून वाचा.

तुमचा खरा प्रश्न धुनांचा नाही असं मला वाटतं. आवाजात औषध आहे का, हा तो प्रश्न आहे. माझं उत्तर 'नाही' असं आहे. म्बिरा हे बोलावणं आहे. कोणाला, कशासाठी आणि तो आल्यावर त्याला उत्तर कोण देणार, यावर पुढचं सगळं ठरतं.

तुमच्या हातातलं वाद्य म्बिराच्या कुळातलं आहे, पण बरंच लांबचं. ह्यू ट्रेसी या इंग्रज संशोधकाने 1950च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत पाश्चात्त्य सप्तकात लावलेला कलिंबा बनवून विकायला सुरुवात केली. आजचे ऑनलाइन मिळणारे सतरा पट्ट्यांचे कलिंबे त्याचीच नातवंडं. बिरात वाजते ती म्बिरा द्झावाद्झिमु, शब्दशः 'पूर्वजांची म्बिरा'. बावीस ते अठ्ठावीस लोखंडी पट्ट्या, डावीकडे दोन थर, उजवीकडे एक. डावा अंगठा डावीकडचं सगळं सांभाळतो, उजवा अंगठा वरून दाबतो आणि उजवी तर्जनी खालून वर छेडते. उजवी करंगळी फळीच्या भोकात अडकवलेली असते, वाद्य तिच्यावरच तोललं जातं. पट्ट्या पूर्वी गाळलेल्या लोखंडाच्या असत, आता खिळे, सायकलच्या ताना, गादीच्या स्प्रिंगा ठोकून करतात.

या वाद्याचं जुनं लेखी वर्णन जुआंव दुश सांतुश या पोर्तुगीज पाद्र्याचं आहे. तो 1586च्या सुमारास सोफाला किनाऱ्यावर होता आणि त्याने नऊ पट्ट्यांच्या 'आंबिरा'बद्दल लिहून ठेवलं. हाच पाद्री 1622मध्ये गोव्यात वारला. मला ही गोष्ट उगाचच आवडते.

फळी, म्हणजे ग्वारिवा, मुब्वामारोपाच्या लाकडाची. नावाचा अर्थच 'रक्त निघणारं'. साल कापली की लाल चीक वाहतो. आपला सह्याद्रीतला बिबळा आणि रक्तचंदन याच कुळातले. फळी देझेत, मोठ्या भोपळ्यात, पाचर मारून बसवतात. भोपळ्याच्या कडेला आणि फळीवर शिंपले नाहीतर बाटल्यांची झाकणं लावलेली असतात. नवा माणूस रेकॉर्डिंग ऐकतो आणि म्हणतो, सूर छान आहेत, ही खरखर काढून टाका. तंबोऱ्याची जवारी काढून टाका म्हणण्यासारखंच आहे हे. खरखरीशिवायची म्बिरा त्यांना मुकी वाटते.

आता वाजतं कसं ते. एक जण कुशाउरा वाजवतो, म्हणजे पुढचा भाग, आणि दुसरा कुत्सिन्हिरा, त्याच्या फटींत बसणारा. बऱ्याच चालींत दुसऱ्याचं वाजवणं पहिल्याच्या एकच मात्रा मागे असतं. अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन, बारा-बाराचे चार तुकडे, आणि समेसारखी ठाम जागा कुठेच नाही. एखाददोन तास गेले की दोघांपैकी कोणीच वाजवत नसलेली तिसरी चाल ऐकू यायला लागते. शेजारच्या माणसाला भलतीच ऐकू येत असते. त्यावर जो तो आपलं गातो: खालच्या पट्टीत निरर्थक अक्षरं, वर उंच गळ्यातले हेल, आणि मध्येच शब्द. या शब्दांना कुदेकेतेरा म्हणतात. ते तिथल्या तिथे सुचतात, जात्यावरच्या ओवीसारखे. घरातलं दुखणं, सुनेची चहाडी, गावचा मुखिया, सगळं त्यात येतं. हा शब्दांचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिरा म्हणजे रात्रभराचं जागरण. तुम्ही जेजुरीकडचं जागरण किंवा गोंधळ पाहिला असेल तर ढाचा लगेच कळेल, अर्थ मात्र वेगळा आहे. आधी आठवडाभर नाचणीची बिअर आंबवत ठेवतात. होय, आपलीच नाचणी, तिकडे तिला रापोको म्हणतात. रात्री गोल झोपडीत चपला आणि घड्याळं काढून सगळे बसतात. वादक भिंतीशी. स्विकिरो, म्हणजे ज्याच्या अंगात पूर्वज येतो तो किंवा ती, काळं कापड पांघरून. वादकांनी नुसतं चांगलं वाजवून भागत नाही. त्या पूर्वजाला जिवंतपणी कुठली चाल आवडायची हे त्यांना ठाऊक असावं लागतं. चूक चाल धरली तर पहाट झाली तरी कोणी येत नाही, आणि दोष वादकांच्या माथी. माझ्या गुरूंना एका घरातून न जेवताच परतावं लागलं होतं, तेव्हा मीही सोबत होते. त्या दिवशी साठ-सत्तर किलोमीटर कोणी कोणाशी बोललं नाही.

एक बिरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. मुरेवाच्या बाजूचं गाव. घरातल्या तिशीतल्या मुलाला महिनोन्महिने झोप नव्हती, नोकरी सुटली होती, तो कोणाशी धड बोलत नव्हता. त्याचा थोरला भाऊ दक्षिण आफ्रिकेत मजुरीला गेला आणि तिथेच वारला. मृत्यूनंतर साधारण वर्षभराने कुरोवा गुवा करतात. त्याने मृताचा आत्मा रानातून घरी आणला जातो आणि तो राखणदार पूर्वज होतो. हे कार्य चार वर्षं रखडलं होतं, कारण दोन काकांचा गुरांवरून वाद होता आणि दोघेही एका अंगणात यायला तयार नव्हते.

बिराला दोघांना यावंच लागलं. पहाटे तीनच्या आसपास आजीच्या वयाच्या स्विकिरोच्या अंगात आलं. वाजवणं थांबलं. पुरुषांनी सपाट पंजांनी, बायकांनी पोकळ पंजांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं, तपकीर पुढे केली. आणि मग त्या आवाजाने आजाऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही! दोन्ही काकांना समोर बसवलं आणि विचारलं, गुरं किती होती, आता किती आहेत, मधली कुठे गेली. सगळ्या गोतावळ्यासमोर उत्तर द्यायचं होतं, आणि विचारणारा आवाज नात्याने त्यांच्या आजोबांचा. शेजारी विचारता तर 'तुझा काय संबंध' म्हणता आलं असतं. इथे ती सोय नव्हती. उजाडेपर्यंत हिशेब झाला, कुरोवा गुवाची तारीख ठरली. एक काका रडले.

मुलगा पुढे झोपू लागला असं त्याच्या आईनं सांगितलं. ते पुरावा म्हणून मी मांडत नाही. त्याला झोप म्बिराच्या सुरांनी आली, की घरातली कोंडी फुटल्याने, की आणखी कशाने, हे मला सांगता येणार नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की आजारी एक होता आणि इलाज सगळ्या घरावर चालला. वाद्याचं काम माणसांना रात्रभर एका छताखाली धरून ठेवण्याचं आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा विचारणारा आणून बसवण्याचं.

उलट बाजूही सांगायला हवी. क्षयाने खंगलेल्या एका बाईच्या घरी आलेल्या न्'आंगाने, म्हणजे वैदूने, गाय मागितली होती आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद करायला सांगितलं होतं. माझे गुरू त्या घरी वाजवायला गेले नाहीत. गोळ्या चालू असतील तर येतो, म्हणाले. असे म्हणणारे आणि न म्हणणारे दोन्ही तिथे आहेत, जसे आपल्याकडेही आहेत. आणि एकाच घरात एक भाऊ बिरा घालतो तर दुसरा पांढऱ्या झग्यांच्या चर्चमध्ये जातो आणि म्बिराला सैतानाचं वाद्य म्हणतो. मिशनरी शाळांनी कित्येक पिढ्या हेच शिकवलं. युनेस्कोने 2020मध्ये म्बिरा बनवण्या-वाजवण्याची कला मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतली, म्हणून घराघरातला हा वाद मिटलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, लढ्याचा. तो मला पहिल्यापासून वेगळा काढता येत नाही. घरचे पूर्वज घराचा हिशेब मागतात, तसे म्होन्दोरो, म्हणजे प्रदेशाचे राजपूर्वज, जमिनीचा आणि पावसाचा हिशेब मागतात. जमीन शेवटी त्यांची. गोऱ्यांनी जमिनी घेतल्या, दर झोपडीवर कर बसवला, तेव्हा जाब विचारायला उभ्या राहिल्या त्या याच आत्म्यांचं माध्यम असलेल्या व्यक्ती. गोऱ्यांविरुद्धच्या 1896-97च्या उठावातली, नेहांदा या म्होन्दोरोची स्विकिरो चार्वे हिला 27 एप्रिल 1898 रोजी सॅलिसबरीत, आजच्या हरारेत, फाशी दिली. लगेच पुढच्या वर्षी चेटूकबंदीचा कायदा आला. अंधश्रद्धा निर्मूलन म्हणून तो वाचता येतो, आणि सरकारला जाब विचारणारी तोंडं गप्प करण्याचा उपाय म्हणूनही. मला दुसरं वाचन जास्त खरं वाटतं.

1970च्या दशकातल्या लढ्यात हाच धागा पुन्हा आला. दांदे खोऱ्यात शिरलेल्या गनिमांनी स्थानिक स्विकिरोंची परवानगी घेतली आणि त्यांनी घातलेली पथ्यं पाळली, रानातली जनावरं मारायची नाहीत वगैरे. त्यामुळे गावं त्यांच्या बाजूने उभी राहिली. रात्रभराच्या राजकीय सभांना पुंग्वे म्हणत. बिरात रात्र जागवायची सवय लोकांना होतीच.

शहरात तेच काम गायक थॉमस मापफुमोने केलं. त्याच्या गिटारवादकांनी, विशेषतः जोना सिठोलेने, तारा तळहाताने दाबून म्बिराचा टणक, तुटक आवाज इलेक्ट्रिक गिटारवर आणला. ड्रमच्या झांजेवर होशोचा ठेका. शब्द शोना आणि अर्थ झाकलेला. सरकारी रेडिओने गाणी बंद केली, त्याला विनाखटला डांबलं. कारण गोऱ्या अधिकाऱ्याला नुसतं नाचाचं गाणं ऐकू येत असलं तरी ऐकणाऱ्या शोना माणसाला त्या चालीमागचं जागरण आठवत होतं.

इथेच थांबलं तर गोष्ट फार गोड होईल. 1980ला स्वातंत्र्य आलं आणि 1989मध्ये त्याच मापफुमोने आपल्याच राज्यकर्त्यांवर 'करप्शन' हे गाणं काढलं. 2000च्या सुमारास त्याला कुटुंबासह अमेरिकेत ओरेगनला जावं लागलं. आणि नेहांदा? 2021मध्ये हरारेच्या मध्यवर्ती चौकात सरकारने तिचा भव्य पुतळा उभारला. ज्या आत्म्याने सत्तेला जाब विचारायचा, तो सत्तेनेच चौथऱ्यावर चढवला. म्हणून 'म्बिरा म्हणजे प्रतिकाराचं वाद्य' असं सरसकट लिहू नका. मंत्र्यांच्या स्वागतालाही ती वाजते.

बायकांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तुमचे गट बायकांचे आहेत म्हणून सांगते. म्बिरा बहुतेक पुरुषांची. बायका गायच्या, नाचायच्या, होशो धरायच्या, बिअर बनवायच्या. पुढे नावाजलेली म्बिरावादक स्टेला चिवेशे हिने 1960च्या दशकात शिकायचं ठरवलं तेव्हा कोणी शिकवायला तयार होईना, शेवटी नात्यातल्या एका वडीलधाऱ्याने शिकवलं. 1974ची तिची पहिली तबकडी 'कासाह्वा' तिने उसन्या म्बिरावर वाजवली. ती 2023मध्ये गेली. माझ्या गुरूंनी मला म्बिरा देताना सांगितलं होतं, 'तिने दार उघडलं म्हणून तू आत आलीस, माझे आभार मानू नकोस.'

तर तुम्ही काय करावं? हे पुष्कळसं तुमच्या गटावर अवलंबून आहे, म्हणून मी जे करते आणि जे करत नाही तेवढंच सांगते.

'हीलिंग' हा शब्द मी वापरत नाही. ज्या बायकांना दवाखान्यात जायला आधीच उशीर झालेला असतो त्यांच्यासमोर तर मुळीच नाही. शिवाय तुमच्याकडे स्विकिरो नाही, तो पूर्वज नाही, आणि त्याला ओळखणारं गोत नाही. नुसत्या धुनेला 'शोना उपचार' म्हणणं म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट टपालात टाकणं. आपल्या गावांत अंगात येण्याचे प्रकार आहेतच. तुमच्या वाजवण्याने एखादीच्या अंगात आलं तर काय करणार, याचा विचार आधी करून ठेवा. माझ्या एका वर्गात हे झालंय. मी वाजवणं थांबवलं, पाणी दिलं, बाकीच्यांना बाहेर बसवलं. पुढचं बोलणं तिच्या बहिणीनं केलं, मी नाही.

चालींमध्ये बिराच्या खास चाली, ज्या विशिष्ट आत्म्यांसाठी वाजतात, त्या मी बाहेर वाजवत नाही. कारिगामोम्बे आणि चेमुतेंगुरे मात्र कोणीही शिकावं. मुलांना हेच आधी शिकवतात. तुमच्या कामासाठी तर चेमुतेंगुरे सोन्यासारखी आहे. वसाहतीच्या सुरुवातीला गोऱ्यांच्या बैलगाड्या हाकणाऱ्यांवरचं हे गाणं. त्यात टोमणा असा, की गाडीवानाच्या बायकोला शेंगदाण्याच्या लगद्याची वाण नाही, ती चाकाचं ग्रीसच भाजीत घालते. पालेभाजीत कूट घालणाऱ्या आपल्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. मी हे मुळशीकडच्या एका गटात वाजवलं, अर्थ सांगितला, आणि म्हटलं, आता रेशनवर एक कडवं करा. पाऊण तासात अकरा झाली. त्यातली दोन छापता येण्यासारखी नव्हती.

हे मी तिथेच शिकले. 2008च्या शेवटी हरारेत पावाच्या रांगा होत्या, सकाळचा पगार संध्याकाळी रद्दी व्हायचा, कॉलरा पसरला होता आणि त्यात चार हजारांवर माणसं गेली. त्या महिन्यांतल्या बिरांमध्ये बायका कुदेकेतेरात रांगांची आणि गढूळ नळांची कडवी घालायच्या. सभेत हेच बोलल्या असत्या तर पोलीस आले असते. पूर्वजांना तक्रार सांगणाऱ्या बाईला कोण अडवणार? तेव्हा तुमच्या गटात वाद्य बारा मिनिटं, ओव्या तासभर, असं माप ठेवा. जात्यावरचे गळे तुमच्याकडे आहेत, ते शोनांकडून उसने आणायची गरज नाही.

कलिंब्यावर चेमुतेंगुरे बसेल का? बसेल, पण बोटं उलटीपालटी होतील आणि खालचे सूर कमी पडतील. पुढे जायचं असेल तर न्युंगा न्युंगा ही पंधरा पट्ट्यांची लहान म्बिरा घ्या, बावीसची घाई नको. घेताना कारागिराला लावणीचं नाव विचारा, आणि दुसरी कधी घ्याल ती त्याच कारागिराची, त्याच लावणीची. देझेसाठी परदेशी भोपळा मागवू नका, माझा मिरजेच्या तंबोरेवाल्याने कापून दिलाय.

आणि होशोपासून सुरुवात करा. सोपा दिसतो, वीस मिनिटांत मनगट भरून येतं, पण त्याशिवाय आवर्तन अंगात मुरत नाही. तोही तिकडून मागवू नका, आतल्या बियांमुळे विमानतळावर अडकतो. दोन वाळके भोपळे नाहीतर पत्र्याचे डबे चालतील. बिया त्यांच्याकडे होता नावाच्या झुडपाच्या घालतात, काळ्या, छऱ्यासारख्या टणक. हे होता म्हणजे आपली कर्दळ. गटातल्या कोणाच्या ना कोणाच्या मोरीमागे असेलच.